वेस्टव्लेटेरेनचा मठ आणि तेथील सुरा

बेल्जम देशाच्या अगदीं पश्चिमेस, फ्रान्सच्या सरहद्दीजवळ, पोपरिंगे नांवाचें एक लहानसें शहर आहे. त्याच्या भोंवतालीं उंच खांब रोवून तारांवर हॉपच्या वेली चढविलेल्या दिसतात. दुरून पाहणारास आपल्याकडील द्राक्षांच्या मांडवांची आठवण व्हावी, मात्र हे मांडव तीन-तीन पुरुष उंच. तेथून थोड्याच अंतरावर वेस्टव्लेटेरेन येथें संत सिक्स्टसचा मठ आहे. गेल्या ज्येष्ठाच्या अखेरीस लूव्हेन येथें पुतण्याकडे मुक्काम असतांना आम्हांस तेथें जाण्याचा योग आला.

मठ म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें समाधि, पादुका आणि अन्नछत्र उभें राहतें. येथें मठाच्या आवारांत मद्य तयार होतें, आणि तें करणारे कोणी व्यापारी नसून दिवसांतून सात वेळां प्रार्थनेस बसणारे, अल्पभाषी साधू आहेत. हें कोडें उलगडावयाचें तर त्यांचा मूळ नियम पाहिला पाहिजे. सहाव्या शतकांत इटलींत संत बेनेडिक्ट यानें साधूंसाठीं एक आचारसंहिता लिहिली. स्वतःच्या हातांच्या कष्टांवर जगतो तोच खरा साधू, असें तींत सांगितलें आहे. भिक्षान्नावर राहणाऱ्या आपल्या संन्याशाच्या अगदीं उलट हा दंडक. मद्याविषयींचें त्याचें म्हणणें मोठें गमतीचें आहे. साधूनें द्राक्षमद्य घेऊंच नये हें खरें, पण हल्लींच्या साधूंस तें पटत नाहीं, तेव्हां निदान बेतानें घ्यावें, असें म्हणून त्यानें रोजचें मापहि ठरवून दिलें! आम्हीं 36 वर्षें शाळेंत नियम केलेले व मोडलेले पाहिले. नियम करणाराची ही व्यवहारबुद्धि आम्हांस फार आवडली. मठांतील माल बाजारभावाहून थोडा स्वस्त विकावा, म्हणजे लोभ शिरणार नाहीं, असेंहि एक कलम त्यांत आहे.

1098 सालीं फ्रान्समध्यें सीतो येथें हे नियम कडकपणें पाळणारा पंथ निघाला. 1664 मध्यें नॉर्मंडींतील ला त्राप मठाच्या रांसे नांवाच्या अधिपतीनें ते अधिकच कडक केले, आणि त्या मठावरून ‘ट्रॅपिस्ट’ हें नांव रूढ झालें. वेस्टव्लेटेरेनचा मठ 1831 सालचा. दहा वर्षांच्या आंतच तेथें बिअरची भट्टी सुरू झाली. बाटलीवर साधूचें चित्र छापणारे कारखाने पुष्कळ निघाल्यामुळें 1997 सालीं या मठांनीं आपली संस्था स्थापून खूण ठरविली: माल मठाच्या आवारांत, साधूंच्या देखरेखीखालीं झालेला असावा, आणि नफा मठाच्या चरितार्थास व दानधर्मास लागावा.

मनुस्मृतींत सुरेचे तीन प्रकार आहेत: गौडी, पैष्टी व माध्वी, आणि तिन्ही ब्राह्मणास सारख्याच वर्ज्य. प्रस्तुतची बिअर मोड आणलेल्या जवाची म्हणून पैष्टी, आणि तींत बीटाच्या साखरेचा काळा पाक पडतो म्हणून गौडीची सख्खी बहीण. एका पेल्यांत दोन पातकें! पण आपल्याच वेदवाङ्मयांतील सौत्रामणी यागांत सुरेची आहुति आहे, आणि तिच्यासाठीं मोड आलेले जव व व्रीहि सांगितले आहेत. कृतीहि फार निराळी नाहीं. मोड आलेले जव वाळवून भरडतात व ऊन पाण्यांत मुरवितात, म्हणजे पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून हॉपच्या फुलांसह उकळतात, पाक घालतात आणि निवल्यावर किण्व सोडतात. हें किण्व वेस्टमाल येथील दुसऱ्या ट्रॅपिस्ट मठांतून येतें. शेजारणीकडून विरजण आणावें तसें. बाटली भरल्यावरहि आंत आंबण्याची क्रिया चालू राहते व तळाशीं गाळ बसतो.

मठांत प्रवाशांस प्रवेश नाहीं. रस्त्यापलीकडे ‘इन द व्रेदे’ म्हणजे ‘शांततेंत’ या नांवाचें उपाहारगृह आहे, तेथें बसावयाचें. पुतण्यास गाडी हांकावयाची असल्यानें त्यानें कॉफी मागविली. बरोबरच्या फ्लेमिश मित्रानें 12 क्रमांकाची बिअर घेतली. साधारण बिअरींत मद्यार्क शेंकडा 5 च्या आसपास, हिच्यांत 10.2.

“काका, एक घोट घेऊन पाहा. आईला सांगणार नाहीं,” पुतण्या म्हणाला.

“वहिनींना आम्हीच सांगूं,” आम्ही म्हणालों.

चवीच्या बाबतींत अनुमान चालत नाहीं. तेथें प्रत्यक्ष हेंच प्रमाण. आम्हीं एक घोट घेतला. रंग चिंचेच्या कोळासारखा गर्द तपकिरी, वर सायीसारखा दाट फेंस. वास काकवीचा, खजुराचा आणि पावाच्या करपलेल्या कडेचा. जिभेवर प्रथम गोड. मग पाक जरा जास्त झाल्यावर येतो तसा जळका कडसरपणा. आणि गिळल्यावर छातींत सुंठीच्या काढ्यासारखी ऊब. खरें सांगावयाचें तर ही चव आम्हांस सर्वस्वीं परकी वाटली नाहीं. गूळ व धायटीचीं फुलें घालून आंबविलेलीं आसवें-अरिष्टें आपल्या सोवळ्या घरांच्या कपाटांत पिढ्यान् पिढ्या आहेत. मात्र तीं चमच्यानें घेतात.

या बिअरीला 2005 च्या सुमारास जगांतील रसिकांनीं सर्वोत्कृष्ट ठरविलें, आणि मठापुढें मोटारींच्या रांगा लागल्या. दुसऱ्या कोणीं असत्या वेळीं आणखी एक भट्टी बांधली असती. साधूंनीं उत्पादन वाढविलें नाहीं. मठाचा खर्च व दानधर्म भागेल इतकेंच, म्हणजे वर्षाला 5-6 हजार हेक्टोलिटर. दुसऱ्या महायुद्धानंतर तर मठानें व्यापारी विक्री थांबविली, आणि 1946 पासून 1992 पर्यंत ती जवळच्या वाटू गांवच्या एका कारखान्याकडे सोंपविली होती. 2012 सालीं मठाच्या नव्या बांधकामास पैसा हवा होता म्हणून तेवढ्यापुरता माल परदेशीं धाडला. गरज भागली, तें बंद झालें. पिणारानें मर्यादा पाळावी असें सांगणारे ग्रंथ व उपदेशक आम्हीं पुष्कळ पाहिले. विकणारानें स्वतःच्या विक्रीला मर्यादा घातलेली येथेंच पाहिली.

आमचा एक जुना विद्यार्थी होता. शब्दरूपें व धातुरूपें त्याला विचारावीं आणि ऐकत बसावें. पुढें तो बाटलीच्या नादीं लागला व चाळिशीच्या आंत गेला. त्याच्या आळीच्या तोंडाशीं दारूचीं 3 दुकानें होतीं, आणि तिन्ही दुकानांचा तो नेमाचा गिऱ्हाईक होता. त्याच्या आईला विचारलें तर बिअर साधूंनीं केली काय किंवा आणखी कोणीं केली काय, तिला भेद सांगतां येणार नाहीं. पेला समोर असतांना हा मुलगा आमच्या डोळ्यांपुढून हालला नाहीं. दुसरा घोट आम्हीं घेतला नाहीं.

फ्लेमिश मित्रानें घरीं नेण्यासाठीं पेटी आधीं नोंदविली होती. पूर्वीं ही नोंदणी दूरध्वनीवरून होई, 2019 पासून संकेतस्थळावर होते. विकत घेतलेला माल पुढें विकूं नये, अशी अट असते. 2018 मध्यें नेदरलंडांतील एका दुकानदारानें ती डावलून मठाच्या दराच्या कितीतरी पटींनीं बाटल्या विकल्या, तेव्हां साधूंनीं उघड नाराजी दर्शविली होती. ठरल्या वेळीं पेटी गाडींत चढली.

रात्रीं वहिनींशीं दूरध्वनीवर बोलतांना आम्हींच विषय काढला. क्षणभर त्या गप्प होत्या. मग त्यांनीं विचारलें, “चवीला कसें होतें?”

“दशमूलारिष्टांत काकवी घातल्यासारखें.”

“एवढ्यासाठीं इतक्या लांब गेलांत होय भावोजी!” त्या म्हणाल्या, आणि मुलाला थंडीचे कपडे पुरेसे आहेत कीं नाहींत, हें विचारूं लागल्या.