शनीच्या कड्यातली फट

रविवारी संध्याकाळी साताऱ्याला फोन लावायचा, हा सेंट थॉमस माउंटला पोस्टिंग आल्यापासूनचा माझा नेम. गेल्या महिन्यात लेकीनं फोन उचलताच विचारलं, "बाबा, चंद्र ओढतो ना? मग शनीच्या कड्यात डॅफ्निस फिरतो तिथं कण गोळा व्हायला हवेत. तिथं फट कशी?"

हा डॅफ्निस जेमतेम 8 किलोमीटरचा. कॅसिनी यानाला 2005 मध्ये सापडला. त्याची फट मात्र साधारण 40 किलोमीटर रुंद.

"पुढच्या रविवारी सांगतो."

"दिवाळीला येतो म्हणालात, तसं?"

यावर काय बोलणार?

आठवडाभर रोज पहाटे ग्राउंडला चकरा मारताना तेच डोक्यात. शेवटी आमच्या धावण्यातच धागा सापडला. आतल्या लेनचा गडी पुढं निघतो, बाहेरचा मागं पडतो. कड्यातले बर्फाचे कणही तसेच, शनीजवळचे जास्त वेगात. आतले कण डॅफ्निसला गाठून पुढं निघतात, तेव्हा तो त्यांना मागं खेचतो. त्यांची थोडी ऊर्जा जाते आणि ते शनीकडं सरकतात. बाहेरच्यांना तो मागून येऊन गाठतो आणि पुढं ओढतो, ते आणखी बाहेर जातात. फटीच्या काठांवर लाटाही उठतात, आतल्या काठावर त्याच्या पुढं, बाहेरच्या काठावर मागं.

कडं म्हणजे सलग पत्रा नव्हे, म्हणून हे जमतं. ते विरळ असल्याची एक खूण इथंच चेन्नईत दिसली होती. नुंगमबाक्कमच्या जुन्या मद्रास वेधशाळेचे प्रमुख कॅप्टन विल्यम जेकब यांना 1852 मध्ये शनीच्या आतल्या काळसर कड्यातून आरपार दिसलं. गडी बॉम्बे इंजिनीअर्सचा, म्हणजे आम्हा खडकीच्या सॅपरांच्या घरातलाच! मद्रासला येण्याआधी त्यानं पुण्यात स्वतःची वेधशाळा काढली होती. 1862 मध्ये नवी दुर्बीण घेऊन तो पुन्हा पुण्याला निघाला आणि पोचता पोचता गेला. त्या जुन्या वेधशाळेचा ग्रॅनाइटचा खांब हवामान खात्याच्या आवारात अजून उभा आहे. मी जाऊन हात लावून आलो.

रविवारी लेकीला सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प.

"म्हणजे ओढल्यामुळंच लांब जातात?"

"हो."

"आणि डॅफ्निस तिथं नसता तर?"

"कण एकमेकांवर आपटत पसरले असते. फट बुजली असती."

"बरं," म्हणाली, आणि फोन आईकडं दिला.

सोमवारी सकाळी मी मे महिन्याच्या रजेचा अर्ज टाकला.