नर्मदेकाठची नारळी पौर्णिमा

नारळी पौर्णिमा हा सण मुळात पक्वान्नाचा नव्हे, पोटाचा आहे. पावसाळाभर शाकारून ठेवलेली होडी पाण्यात लोटण्यापूर्वी कोळी दर्याला नारळ वाहतो. ज्याच्या जिवावर जगायचे, त्याच्यापाशीच जिवाचे अभय मागतो. आम्हां जबलपूरच्या नोकरदारांकडे त्यातला नारळीभात तेवढा उरतो. भय नाही, म्हणून मागणेही नाही. "इथे नारळ कोणाला द्यायचा?" असे मुलीने विचारले तेव्हा मी निरुत्तर झालो.

राखीच्या दुसऱ्या दिवशी येथे कजलिया असतात. द्रोणांत, सावलीत उगवलेले गव्हाचे पिवळसर अंकुर लोक पाण्यात शिरवतात. त्यांतले काही एकमेकांना देतात, कानामागे खोवतात, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. शेजारच्या चाचींनी ते माझ्या हाती ठेवले आणि ध्यानी आले, की कोळ्याची मासळी काय, शेतकऱ्याचे पीक काय, दोन्ही पावसाच्याच हवाली. सण निराळे, धास्ती एकच. ती वाटून घेतली, म्हणजे परमुलूख परका राहत नाही.

आता आम्ही पौर्णिमेला ग्वारीघाटावर नर्मदेला नारळ वाहतो. भडोचच्या पलीकडे तीही अरबी समुद्रालाच मिळते.