मध न देणाऱ्या माश्या

कार्तिक सरत आला. जावळीतल्या मेढ्याच्या बांधांवर तूर पिवळीधमक आहे आणि परड्यातल्या गुलाबाची पानं कडेनं गोल गोल कातरलेली. घरधनी किडीच्या नावानं बोटं मोडतो आणि थेट पंपाकडे वळतो. कीड कसली? ही पानकापी मधमाशी, मेगाकाइल प्रजातीतली.

मधमाशी म्हटलं की जावळीकराला महाबळेश्वर आठवतं. त्या तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये ‘मधाचं गाव’ झालं, ते रास्तच. पण जगातल्या वीस हजारांहून अधिक जातींच्या मधमाश्यांपैकी बहुतेक एकट्या राहतात. त्यांना ना राणी, ना कामकरी, ना मध. म्हणून त्यांचं कौतुकही नाही!

पानकापी मादी काडीच्या किंवा भिंतीच्या भोकात पानांच्या लांबट तुकड्यांची कुपी रचते, आत पराग-मकरंदाचा गोळा आणि एक अंडं ठेवते, वर गोल तुकड्यांचं झाकण लावते. एकामागे एक कुप्या. आतल्या बाजूला माद्या, दाराशी नर. नर आधी बाहेर पडतात. तिच्या गवंडी बहिणी पानांऐवजी माती किंवा राळ वापरतात.

पराग ती पायांवर नव्हे, पोटाखालच्या केसांत वाहते. तुरीच्या फुलावर बसली की पाकळ्या दबतात, पुंकेसर वर येतात. तुरीचे परागकण जड नि चिकट. वारा इथं निरुपयोगी. संकरित तुरीचं बियाणं तर अशाच माश्यांच्या भरवशावर तयार होतं.

तेव्हा पानं कातरलेली दिसली तर फवारू नका. झाडाला त्यानं फारसं काही होत नाही.