ग्लेन्कोच्या दरीतली दिवाबत्ती

स्कॉटलंडमधल्या ग्लेन्को दरीत मुक्कामाला पोहोचलो, तोच आमच्या ३० वर्षांच्या फिरत्या घरातले दिवे मिणमिणू लागले. पाण्याचा पंपही मुका! बाहेर धो धो पाऊस, आत भुकेली मुले. मी मनातल्या मनात नव्या बॅटरीचे पैसे मोजू लागलो. सौभाग्यवतींनी मात्र व्होल्टमीटर लावला. बॅटरीत १२.६ व्होल्ट, म्हणजे ती भरलेली!

"वीज जाते खरी, पण परत कुठून येते?" त्यांनी विचारले.

बॅटरीच्या ऋण टोकाची तार गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. तिथे गंजाचा पापुद्रा सापडला. बॅटरी सोडवून जोड कानशीने घासला, बोल्ट घट्ट आवळला. पुन्हा जोडताच दिवे लख्ख!

वाचकहो, जुन्या गाडीत नवा भाग घालण्याआधी जुने सांधे तपासावेत. आमचे भाताचे पातेले त्या रात्री उशिरा का होईना, चढले.