चिखलातली चढाई आणि बाजूला पडलेला कागद : लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात

१/ सीबीडी बेलापूरच्या खाडीला ओहोटी लागली की तिवरांची मुळे उघडी पडतात आणि काठाशी नुसता चिखल उरतो. त्या चिखलातून, पाठीवर ओझे आणि समोर शत्रूच्या तोफा असताना पुढे जायचे आहे, अशी कल्पना करावी. मग कांगावची लढाई थोडीफार उमजेल. #धागा

२/ ब्रह्मदेशातील अराकानचा किनारा असाच खाड्यांचा आणि खारफुटीचा. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जपानी सैन्याचा रस्ता कांगाव येथे तोडायचे ठरले. तेथे लढलेल्या ५१ व्या भारतीय ब्रिगेडच्या तिन्ही पायदळ पलटणींचे नेतृत्व भारतीय अधिकाऱ्यांकडे होते. त्या काळी ही गोष्ट विरळाच.

३/ ते तिघे म्हणजे थिमय्या, एल. पी. सेन आणि कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. जन्म १९०६, शिक्षण सँडहर्स्ट येथे. भारतीय माणूस रणांगणात पलटण सांभाळू शकेल का, अशी शंका गोऱ्या अधिकाऱ्यांमध्ये तोवर जिवंत होती.

४/ महिनाअखेरीस थोरातांच्या २/२ पंजाब पलटणीने ‘मेलरोझ’ असे सांकेतिक नाव असलेले ठाणे संगिनींच्या बळावर घेतले. तिघाही पलटणनायकांना डीएसओ हे मानचिन्ह लाभले. शंकेला उत्तर मिळाले. त्याचे मोल मात्र त्या चिखलात पडलेल्या जवानांनी चुकवले.

५/ पुढचा प्रसंग कोरियाचा. १९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांची राखण भारतीय दलाकडे आली. दलाचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात. सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला छावणीत ओढून डांबले.

६/ गोळीबाराचा हुकूम देणे सोपे होते. पण त्यात तो मेजर वाचला नसता आणि शांतिकार्यही बुडाले असते. थोरात स्वतः त्या जमावात शिरले आणि आपल्या अधिकाऱ्याला सोडवून आणले. या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन, देण्यात आले.

७/ १९५७ पासून ते पूर्व विभागाचे लष्करप्रमुख होते, मुख्यालय लखनौला. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी चीनच्या संभाव्य आक्रमणाविषयी अहवाल सिद्ध केला. सरहद्दीलगतच्या विखुरलेल्या चौक्या टिकणार नाहीत, मागे भक्कम संरक्षणरेषा हवी, हे त्याचे सार. मार्च १९६० मध्ये ‘लाल किल्ला’ या युद्धसरावातूनही तेच दिसले.

८/ संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ही भीती अवाजवी वाटली. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ ला चिनी आक्रमण सुरू झाले आणि ईशान्येकडील चौक्या एकामागून एक पडल्या.

९/ युद्धानंतर पंतप्रधान नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले, तो अहवाल वाचला आणि हा आपल्याला आधी का दाखवला नाही, असे विचारले, अशी आठवण थोरातांनी लिहून ठेवली आहे. आपण बरोबर ठरलो, याचा आनंद मानावा असा तो क्षण नव्हता.

१०/ थोरात १९९२ मध्ये निवर्तले. कांगाव आणि कोरिया येथील पराक्रमाची नोंद त्यांच्या पदकांत आहे. १९५९ च्या कागदासाठी पदक नव्हते, आणि ते त्यांनी मागितलेही नव्हते. त्यांची मागणी एवढीच होती की, तो वेळेवर वाचला जावा.