यंत्राचा ताप

मनुष्याच्या तापाविषयीं आपणां सर्वांस थोडेंबहुत ज्ञान असतें. घरांतील एखादी वडील बाई मुलाच्या कपाळाला हाताची पाठ लावते आणि 'अंग कढत आहे' असा निकाल देते. मग तापमापक येतो, आणि घरच्या काळजीला एक आंकडा मिळतो. हा निकाल इतका सहज देतां येतो, याचें कारण निसर्गानें मनुष्यदेहास एक ठराविक उष्णमान नेमून दिलें आहे. बाहेर पौषाची थंडी असो कीं वैशाखाचा वणवा असो, निरोगी देहाचा आंकडा ३७ सेल्सिअसच्या आसपासच राहतो. म्हणून एकाच आंकड्यावरून रोगी कोण व निरोगी कोण, हें आपण सांगूं शकतों.

टेबलावरच्या संगणकाची गोष्ट निराळी आहे. तो सरड्याच्या जातीचा आहे. भोंवतालची हवा तापली कीं सरडा तापतो, निवली कीं तोहि निवतो, संगणकाचेंहि तसेंच. फरक इतकाच कीं, संगणक आपल्या कामाची उष्णता त्यांत आणखी मिळवितो. तेव्हां त्याच्या आंतील आंकडा नेहमीं दोन आंकड्यांची बेरीज असतो : एक खोलीचा, दुसरा त्याचा स्वतःचा. ही साधी बेरीज ध्यानांत न घेतल्यामुळें केवढा अनर्थ ओढवूं शकतो, तें आम्हीं गेल्या उन्हाळ्यांत सोलापुरांत पाहिलें.

सोलापूरच्या उन्हाळ्याचें वर्णन सोलापूरकरांस सांगावयास नको, आणि बाहेरच्यांस तें खरें वाटावयाचें नाहीं. मे महिन्यांत पारा ४० च्या वर जाणें येथें नवलाचें नाहीं. दुपारीं रस्ते ओस पडतात. घरोघर खिडक्या लावून अंधार करितात. संध्याकाळीं गच्चीवर पाणी शिंपडतात. पूर्वभागांतील मागांचा खडखडाट मात्र भर दुपारींहि थांबत नाहीं. याच भागांत आमचे एक स्नेही राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. चादरी व टॉवेल यांवरील नक्षी संगणकावर काढून देणें हा त्यांचा व्यवसाय. त्यांचे वडील हेंच काम चौकटींच्या कागदावर पेन्सिलीनें करीत, आणि त्यावरून जॅकार्डचे पत्ते ठोकले जात. फ्रान्समध्यें १८०४ च्या सुमारास जॅकार्डनें आपला माग सिद्ध केला. त्याच्या भोंकांच्या पत्त्यांवरूनच पुढें गणनयंत्रांस आज्ञा देण्याची कल्पना सुचली. म्हणजे अण्णांच्या घरांत संगणक हा पाहुणा म्हणून नव्हे, तर आजोळीं आल्यासारखा आला.

हा संगणक वैशाखांत दुपारीं बंद पडूं लागला. पडद्यावरील चित्र जागच्या जागीं गोठे आणि कशालाच दाद देत नसे. नक्षी तयार नसली कीं माग थांबतो, आणि माग थांबला कीं ज्यांची मजुरी नगावर ठरते त्या विणकरांचा दिवस फुकट जातो. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनीं पेटीहि न उघडतां 'मदरबोर्ड गेला, नवा घ्या' असें सांगितलें. परंतु नवा मदरबोर्ड म्हणजे नवा प्रोसेसर आणि नवी मेमरी. शिवाय अण्णांची नक्षीची जुनी प्रणाली त्यावर चालेलच, याची शाश्वती नव्हती. वडिलांच्या कागदांवरून उतरून घेतलेल्या शेंकडों नक्ष्या त्या प्रणालींत होत्या.

"अण्णा, खर्च करण्यापूर्वीं आठ दिवस आंकडे लिहून ठेवूं या," आम्ही म्हणालों.

"लिहा कीं सर," ते म्हणाले, "पण उन्हाळ्याला कोण काय करणार?"

मदरबोर्डवर ठिकठिकाणीं उष्णता मोजणारे बारीक संवेदक असतात, आणि त्यांचे आंकडे पडद्यावर दाखविणाऱ्या प्रणाली फुकट मिळतात. पहिल्याच दिवशीं एका ओळींत १२७ अंश पाहून अण्णा घाबरले. परंतु रात्रभर बंद असलेला संगणक सकाळीं सुरू करतांच, पहिल्या क्षणींहि तेथें १२७ च होते. कोठेंच न जोडलेला संवेदक असाच कांहींतरी आंकडा बोलत राहतो. जो आंकडा कधीं हालत नाहीं, त्यावर विश्वास ठेवूं नये. प्रोसेसरचा आंकडा समाधानकारक होता. त्याच्यावर स्वतंत्र पंखा असतो, आणि फार तापल्यास तो आपला वेग आपणच कमी करितो. संशयास्पद होता तो चिपसेटचा आंकडा.

चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरील टपालकचेरी. डिस्क, कळफलक, माउस, नेटवर्क यांची बरीचशी ये-जा तिच्यांतून होते. पूर्वीं हें काम दोन चिपांत वांटलेलें असे. पुढें त्यांतील एकीचें काम प्रोसेसरनें स्वतःकडे घेतलें. राहिलेलीच्या डोक्यावर बहुधा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक लहानसा ठोकळा असतो. त्यास हीटसिंक म्हणतात. त्यावर सहसा पंखा नसतो. पेटींतून जी हवा वाहते तीच त्याचा आधार. आणि हीटसिंक कितीहि चांगला असला तरी चिपेला खोलीच्या हवेपेक्षां थंड करूं शकत नाहीं.

आम्हीं वहींत दोन रकाने केले : एक खोलीचा, एक चिपसेटचा. सकाळीं खोलींत ३०, तर चिपसेट ७५. दुपारीं खोलींत ४०, तर चिपसेट ८५, आणि थोड्याच वेळांत चित्र गोठलेलें. सहा दिवस असेंच चाललें. नुसता दुसरा रकाना पाहिला तर दोष उन्हाचा, हें अण्णांचें म्हणणें खरें दिसतें. परंतु दोन्ही रकान्यांची वजाबाकी केली तेव्हां उत्तर सकाळीं ४५ आणि दुपारींहि ४५ च आलें. म्हणजे ऊन आपल्या वांट्याचे दहा अंश प्रामाणिकपणें देत होतें. बाकीचे ४५ पेटीच्या आंतले होते.

वीज तोडून पेटी उघडली. पुढच्या जाळीवर आणि चिपसेटच्या पात्यांत सुताचे तंतू बसून त्यांची अक्षरशः गोधडी झाली होती. मागांच्या शेजारीं वाढलेल्या यंत्रास दुसरें काय मिळणार? चिप आणि हीटसिंक यांच्यामध्यें उष्णता वाहून नेणारा जो लेप असतो, तोहि वाळून भुकटी झाला होता. मऊ कुंचल्यानें तंतू काढले, पंख्याचीं पातीं बोटानें धरून हवेचा फवारा मारला, जुना लेप पुसून तांदळाच्या दाण्याएवढा नवा लावला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं खोलींत पुन्हां ४० होते. चिपसेट ६५ वर थांबला. वजाबाकी २५. जुना मदरबोर्ड आहे तेथेंच राहिला, आणि नक्ष्याहि.

या लहानशा प्रसंगांतून आमच्या मनांत जो विचार राहिला तो असा. ४५ चा दोष माघांतहि होताच. तेव्हां खोलींत २४ असतील, चिपसेट ६९ वर असेल, आणि कोणाचीच तक्रार नसेल. थंडीनें दोष झांकला होता. उन्हाळ्यानें तो केला नाहीं, उघडा केला. आणि झांकलेला दोष निरुपद्रवी नसतो. मदरबोर्डवरील कपॅसिटरांविषयीं असा ठोकताळा आहे कीं, उष्णमान दहा अंशांनीं वाढलें कीं आयुष्य सुमारें निम्म्यावर येतें. जें यंत्र हिंवाळ्यांत मुकाट्यानें काम करितें, तेंहि आपल्या पुंजींतून खर्च करीत असतें.

उष्णतेची ही चिंता संगणकाला जन्मापासून आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं 'टिफ्रॅक' हा संगणक सुरू झाला. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि प्रत्येक नळी म्हणजे एक लहानशी शेगडीच. आज पुण्याच्या आयसर संस्थेंतील 'परम ब्रह्म' या महासंगणकांत उष्णता वाहून नेण्यास थेट चिपांपर्यंत द्रव खेळविलेला आहे. सोलापूरजवळच्या १,३२० मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्रासहि उजनीचें पाणी आणावें लागतें. लहान असो कीं मोठें, जें यंत्र काम करितें तें तापतेंच. तापणें हा त्याचा दोष नव्हे, ताप बाहेर जाण्याची वाट बुजणें हा दोष.

म्हणून ज्यांच्या घरीं असें यंत्र असेल त्यांनीं वैशाखाची वाट पाहूं नये. माघांतल्या एखाद्या थंड सकाळीं, सारें सुरळीत चाललें असतांनाच, खोलीचा आणि यंत्राचा असे दोन आंकडे वहींत लिहून ठेवावे आणि त्यांची वजाबाकी करावी. पुढें केव्हांहि ती वाढलेली दिसली, तर ऋतूला बोल न लावतां पेटी उघडावी.