आखूडशिंगी, बहुदुधी

गाय घ्यावी तर आखूडशिंगी, बहुदुधी, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तशी गाय मी कुणाच्या गोठ्यात पाहिलेली नाही. पण तशी अँटेना मागणारे मात्र हटकून भेटतात. माझ्याजवळ हौशी रेडिओचा सरकारी परवाना आहे, एवढ्या भांडवलावर लोक सल्ला विचारायला येतात.

आमचा पुतण्या त्यांतलाच. परवान्याची परीक्षा पास होऊन त्यानं हातातला सेट घेतला आणि म्हणाला, "काका, अँटेना अशी सांगा की खिशातून डोकं वर काढणार नाही, आणि डोंगरावरून बोललो तर थेट घरी ऐकू येईल."

"बाळा, शिंग आखूड केलं की दूध आटतं."

हा नियम माझा नव्हे, निसर्गाचा. आपण बोलतो १४५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास. ३०० ला १४५ नं भागा. लाट निघते दोन मीटरांहून किंचित लांब. अँटेनेला तिचा चतकोर तरी हवा, म्हणजे साधारण अर्धा मीटर. सेटबरोबर येणारी वीतभर रबरी कांडी म्हणजे स्प्रिंगसारखी गुंडाळून आत कोंबलेली तार. तिघांच्या बाकावर चौथा बसतो तशी ती बसते खरी, पण हातपाय पसरता येत नाहीत.

लांबी ठरली की सोयरीक. काही सेटांच्या डोक्यावर टाचणी असते, काहींच्या भोक. अँटेनेला नेमकं उलट लागतं. शिवाय पट्टाही जुळला पाहिजे. ४३५ मेगाहर्ट्‌झची १७ सेंटिमीटरची नाजूक सून १४५ च्या घरी दिली, तर आटे बसतात, मनं जुळत नाहीत. पाठवलेली शक्ती आल्या पावली माहेरी परतते आणि सेट तापतो.

एवढं करून अँटेना निम्मीच! उरलेली निम्मी म्हणजे सेटचं धड आणि तो धरणारा आपला हात. म्हणून जाणती मंडळी अँटेनेच्या बुडाशी, बाहेरच्या धातूच्या कडीला, ४९ सेंटिमीटरची वायर लोंबती सोडतात. वर शिंग, खाली शेपूट. गाय पुरी झाली. मग सेट कमरेला न लटकवता तोंडासमोर उभा धरायचा, आणि अँटेना लावल्याशिवाय बोलायचं बटण दाबायचं नाही.

"भाऊजी," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हे ध्यान घेऊन पोरगा चारचौघांत फिरणार?"

"वहिनी, २६ जानेवारी २००१ ला कच्छात भूकंप झाला. टेलिफोन मुके झाले, तेव्हा हौशी रेडिओवाले सेट घेऊन तिकडे धावले, निरोप पोचवत राहिले. ढिगाऱ्यापाशी उभं राहून 'माझं माणूस सापडलं का हो?' विचारणाऱ्याला, निरोप्याची अँटेना शोभून दिसते की नाही याच्याशी काय कर्तव्य?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. शिवणाची टेप घेऊन आल्या, आणि ४९ सेंटिमीटर त्यांनी स्वतः मोजले.